स्विच बंद पडला? आधी दोष शोधा, मग भाग बदला

माल टेम्पोत भरलेला, गिऱ्हाईक दारात उभे आणि बिल निघत नाही. दुकानातला संगणक चालू, गोदामातलाही चालू, पण दोघांमधली जोडणी तुटलेली. अशा वेळी कोणी सांगतो, "स्विच गेला, नवा घ्या." व्यापारी बंधूंनी घाईने पैसे मोजू नयेत. मोठ्या स्विचचे काही भाग सुटे असतात: वीजपुरवठ्याचा डबा, पंख्यांचा संच आणि काचतंतूची तार जोडण्याचे बोटाएवढे मॉड्यूल. पुष्कळदा यांतला एकच भाग खराब असतो, आणि कधी तर फक्त तारच.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे: एका वेळी एकच वस्तू बदलावी. प्रथम दोन्ही टोकांचे दिवे पाहा. मग दुसरी चांगली तार लावा. तरीही दिवा लागला नाही तर तेच मॉड्यूल त्याच वेगाच्या दुसऱ्या खाचेत घाला. दोष मॉड्यूलबरोबर गेला तर ते मॉड्यूल किंवा दुसऱ्या टोकाचे मॉड्यूल खराब असू शकते. दोष मागेच राहिला तर खाच खराब किंवा ती मांडणीत बंद केलेली. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कोणाचा होता हे कधीच कळणार नाही.

नवे मॉड्यूल घेताना त्याचा वेग, प्रकाशाची तरंगलांबी आणि तारेचा प्रकार जुळवून घ्या. ८५० नॅनोमीटरचे मॉड्यूल एका टोकाला आणि १३१० चे दुसऱ्या टोकाला, असे चालत नाही. एकाच तंतूवर चालणाऱ्या जोडीत मात्र दोन टोकांची मॉड्यूल मुद्दाम उलटसुलट तरंगलांबीची असतात; तिथे जोडीच जुळवावी लागते.

हे मॉड्यूल स्विच चालू असतानाही बदलता येते. आधी तार काढा, मग कडी खाली करून मॉड्यूल सरळ ओढा. तारेच्या किंवा मॉड्यूलच्या तोंडात डोळा लावून कधीही पाहू नका; लेझरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. रिकाम्या तोंडावर टोपी लावा, कारण धुळीचा एक कणही प्रकाश अडवतो. अंगातली स्थिर वीज नाजूक भाग जाळते, म्हणून अर्थिंगचा मनगटी पट्टा बांधा.

वीजपुरवठ्याचे दोन डबे असतील तर चांगल्याचा दिवा नीट लागला आहे याची खात्री करा आणि खराब डब्याचीच वीज बंद करून तो काढा. एकच डबा असेल तर दुकानाची वेळ संपल्यावर काम करा. डबा उघडू नका. वीज काढल्यानंतरही आत भार साठलेला राहू शकतो. पंख्यांचा नवा संच हाताशी ठेवूनच जुना काढा, कारण हवा थांबली की स्विच तापू लागतो. पाती थांबेपर्यंत आत बोट घालू नका. लूमच्या शेडमध्ये सुताचा तूस पंख्यांत अडकतो, तेव्हा तिथे साफसफाई आधी, खरेदी नंतर.

कोणताही मोठा भाग काढण्यापूर्वी कंपनीचे माहितीपुस्तक पाहा आणि स्विचच्या मांडणीची प्रत बाजूला जतन करा. ती हरवली तर नवा भाग बसवूनही काम अडून राहील.

शेवटी, काढलेल्या भागावर "खराब" अशी चिठ्ठी आणि तारीख लावा, आणि बिल हमीसाठी सांभाळा. नाहीतर तोच भाग चांगल्यांत मिसळतो आणि पुढच्या वेळी पुन्हा धंदा अडवतो.