दावणीची हिरवी वैरण

दुधाच्या धंद्यात सर्वात मोठा खर्च चाऱ्याचा आणि खुराकाचा असतो. पेंड विकत घ्यावी लागते. हिरवी वैरण मात्र बांधावर आणि चार-सहा गुंठ्यांतही पिकते. दुभत्या संकरित गाईला रोज साधारण 20 ते 25 किलो हिरवा आणि 5-6 किलो वाळला चारा लागतो.

पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ गोठे उसाच्या वाढ्यांवर चालतात. वाढे स्वस्त खरे, पण त्यांतले ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातले कॅल्शियम अडवते. त्यावर भिस्त ठेवणे ही काटकसर नव्हे.

संकरित नेपियर म्हणजे हत्ती घास. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले जयवंत’ हा त्यातलाच वाण. दोन डोळ्यांची कांडी किंवा ठोंब लावला, की पहिली कापणी नऊ-दहा आठवड्यांनी आणि पुढच्या कापण्या सहा-आठ आठवड्यांनी मिळतात. एकदाची लागवड तीन-चार वर्षे पुरते. मात्र नेपियरमध्ये प्रथिने 8 ते 10 टक्केच असतात, म्हणून जोडीला सुमारे दुप्पट प्रथिने असलेला लसूणघास हवा. तो एकटाच भरपूर घातला तर पोट फुगते. वाळल्या चाऱ्यात मिसळून द्यावा. कोवळी ज्वारी तर फुलोऱ्याआधी घालूच नये, तिच्यातल्या विषाने जनावर दगावते.

उन्हाळ्यासाठी मक्याचा मुरघास करतात. दाणे चिकात असताना मका कापून, कुट्टी करून पिशवीत दाबून भरतात. हवा राहिली तर बुरशी येते; नीट भरलेला मुरघास सुमारे 45 दिवसांत तयार होतो.