फ्रॉस्टची ‘ती’ वाट खरंच वेगळी होती का?

‘मळलेली वाट सोडा, यश मिळेल!’ एनसीईआरटीच्या ‘बीहाइव्ह’मधून नववीत रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’ शिकलेल्या कितीतरी जणांनी उत्तरपत्रिकेत हेच लिहिलंय. 😄

पण गंमत बघा. दुसरं कडवं नीट वाचलं, तर दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या! आणि शेवटचा उसासा समाधानाचा की हळहळीचा, हे कवी सांगतच नाही.

१९१५ साली प्रसिद्ध झालेली ही कविता सुचली मित्र एडवर्ड थॉमसवरून. फिरायला गेल्यावर कुठलीही वाट धरली, तरी ‘दुसरीच बरी होती’ अशी चुटपुट त्याला लागायची.

शिक्षकमित्रांनो, तात्पर्य फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना एवढंच म्हणा : ‘वाटा वेगळ्या होत्या, याचा पुरावा कवितेत दाखवा.’ तास रंगलाच समजा!

#इंग्रजीचा_तास