चौदाव्या वर्षी ऐकलेली गाणी आयुष्यभर का पुरतात? आपली आवड नेमकी कोण ठरवतं?

एक काम करा. मोबाइल उघडा आणि तुम्ही सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली पाच गाणी काढा. आता प्रत्येक गाण्यासमोर एकच गोष्ट लिहा: हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं वय किती होतं?

पाचपैकी दोन-तीन उत्तरं ११ ते १७ च्या मध्ये आली, तर दचकू नका. बहुतेकांचं तसंच होतं. "माझी आवड ही माझीच" असं आपण छातीठोकपणे म्हणतो खरं. पण ती घडताना आपण कुठे राहत होतो, घरात काय वाजत होतं आणि वर्गातली पोरं कशाला हसत होती, या सगळ्याचा त्यात वाटा असतो.

हे समजून घ्यायला मावळ तालुक्यासारखी दुसरी जागा सापडणं अवघड. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईच्या दर्शनाला मुंबई-रायगडाकडून कोळी आणि आगरी मंडळी बँजो वाजवत येतात. खाली गावागावांत हरिनाम सप्ताह, काकडा आणि हरिपाठ चालू असतो. तुकोबांचं देहू इथून जवळ आणि त्यांच्या चिंतनाची जागा मानला जाणारा भंडारा डोंगर तर मावळातच. जत्रेत तमाशा किंवा ऑर्केस्ट्रा, वरातीत डॉल्बी. शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्यांमधून पंजाबी गाणी. आणि पुणे-लोणावळा लोकलमध्ये कानात इअरफोन घालून बसलेली कॉलेजची पोरं, प्रत्येकाच्या कानात वेगळंच काहीतरी.

हा प्रकार आजचा नाही. भाजे लेण्यांत तबल्यासारखं वाद्य वाजवणारी एक स्त्री आणि तिच्यासोबत नाचणारी दुसरी स्त्री कोरलेली आहे. म्हणजे या खोऱ्यात ताल आणि नाच सुमारे २ हजार वर्षांपासून आहेत.

मग एकाच खोऱ्यात वाढलेल्या दोन मुलांपैकी एक पखवाजाकडे आणि दुसरा रॅपकडे का वळतो? टप्प्याटप्प्याने बघू.

पहिला टप्पा: कान घडतो, तेही बोलायला लागण्याआधी

बाळाला आईच्या पोटातच आवाज ऐकू येऊ लागतात. गरोदरपणाच्या साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास बाळ बाहेरच्या आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात तर कानाचं मोठं शिक्षण होतं.

एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधकांनी २००५ मध्ये यावर प्रयोग केले. पाश्चात्त्य संगीतातले ताल बहुतेक सरळ, समान भागांचे असतात. बाल्कन देशांच्या लोकसंगीतात मात्र असमान भागांचे ताल येतात, आपल्याकडच्या सात मात्रांच्या रूपकसारखे. उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना दोन्ही प्रकारच्या तालांमधला बिघाड ओळखता आला. बारा महिन्यांच्या बाळांना मात्र परक्या तालातला बिघाड ओळखता येईना. वर्षभरात त्यांचा कान घरच्या तालाला सरावला होता.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. या वर्षाच्या बाळांना घरी दोन आठवडे रोज थोडा वेळ बाल्कन संगीत ऐकवलं आणि त्यांना फरक पुन्हा कळू लागला. मोठ्या माणसांना तेवढ्याच सरावाने ते तसं जमलं नाही.

म्हणजे ज्या घरात आजोबा रोज संध्याकाळी टाळ घेऊन हरिपाठाला जातात, तिथलं मूल 'भजन म्हणजे काय' हे कळण्याच्या कितीतरी आधी तो ठेका अंगात मुरवून बसलेलं असतं. त्याला पुढे भजन आवडेलच असं नाही. पण तो ठेका त्याला कधी परका वाटणार नाही.

"काही सूर सगळ्या माणसांना जन्मतःच गोड वाटतात" हा समजही पूर्ण खरा नाही. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांवरचा अभ्यास २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये आला. पाश्चात्त्य कानाला गोड आणि कर्कश वाटणाऱ्या स्वरजोड्या त्यांना ऐकवल्या, तर त्यांना दोन्ही सारख्याच बऱ्या वाटल्या. काय गोड लागायचं हेही बऱ्याच अंशी आपण शिकतो.

दुसरा टप्पा: जे सतत कानावर पडतं, ते आवडू लागतं

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती ओळखीची होते, आणि ओळखीची झाली की आवडायला लागते. तिच्याबद्दल आधीपासून राग नसेल, एवढीच अट. पहिल्यांदा ऐकून "हे काय गाणं आहे?" म्हणालात आणि आठवड्याने तेच गुणगुणताना स्वतःला पकडलंत, हे तुमच्याही बाबतीत झालं असेल.

महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना ही ओळख रेडिओने करून दिली. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, एकूण ५६ गाणी, वर्षभर. तेव्हा 'स्किप'चं बटण नव्हतं. घरात एक रेडिओ आणि त्यावर जे लागेल ते सगळ्यांनी ऐकायचं. आजी-आजोबांच्या पिढीतल्या इतक्या जणांची आवड एकसारखी का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

त्याहून जुनी 'प्लेलिस्ट' जात्यावर होती. पहाटे दळण दळताना बाया ओव्या गायच्या. मुली त्या शेजारी बसून, अर्धवट झोपेत ऐकायच्या आणि मोठ्या झाल्यावर स्वतः जात्यावर बसल्या की त्यात स्वतःच्या ओव्या घालायच्या. कुणी मुद्दाम शिकवत नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशीसारख्या पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागात काम करताना या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे राज्यभरातल्या हजाराहून जास्त गावांमधून १ लाखाच्या वर ओव्या जमा झाल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' म्हणजेच 'पारी'च्या वेबसाइटवर त्या ऐकायला मिळतात.

मग ओव्या मागे का पडल्या? नव्या पिढीने कानावर हात ठेवून नकार दिला म्हणून नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि बायांचे कष्ट वाचले. ते व्हायलाच हवं होतं. पण जातं थांबलं तशी ओवी ऐकण्याची जागा आणि वेळही गेली. एखादं गाणं आवडण्यासाठी आधी ते कानावर पडावं लागतं. ते पडायची जागाच नाहीशी झाली, की आवड जन्मायचा प्रश्नच येत नाही.

तिसरा टप्पा: तेरा-चौदाचं वय

लहान मुलं बऱ्यापैकी काहीही ऐकतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड हारग्रीव्ह्ज यांनी १९८२ मध्ये याला जे नाव दिलं, त्याचं मराठी 'मोकळे कान' असं करता येईल. किशोरवय जवळ आलं की हे कान थोडे मिटतात. "हे आपलं, ते फालतू" अशी वाटणी सुरू होते.

याच वयात काही गाणी कायमची चिकटतात. अमेरिकेतले डेटा अभ्यासक सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१८ मध्ये स्पॉटिफायची आकडेवारी तपासली. मोठेपणीची आवड ठरण्यात पुरुषांच्या बाबतीत १३ ते १६ आणि स्त्रियांच्या बाबतीत ११ ते १४ ही वर्षं सगळ्यात वजनदार निघाली.

आता हाच हिशोब आपल्याकडे लावून बघा. खंडाळ्याला घरोघरी पोहोचवणारं आमिर खानचं गाणं ज्यात होतं, तो 'गुलाम' १९९८ चा. तेव्हा चौदा वर्षांची असलेली पोरं आज चाळिशी ओलांडून पुढे गेली आहेत. घाट चढताना गाडीत ते गाणं कोण लावतं, हे आठवून बघा. 'सैराट' २०१६ चा. तेव्हाची चौदा वर्षांची मुलं आज विशीत आहेत, आणि वरातीत त्यातलं गाणं लागलं की कोण पहिलं उडी मारतं हे वेगळं सांगायला नको.

असं का होतं? एक कारण मेंदूत आहे. आवडत्या गाण्याचा उत्कर्षबिंदू येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवतं, हे कॅनडातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. किशोरवयात मेंदूची ही आनंदयंत्रणा जास्त संवेदनशील असते. दुसरं कारण आयुष्यात आहे. पहिलं प्रेम, पहिलं भांडण, मित्रांबरोबरचा पहिला पावसाळी ट्रेक, सगळं याच काळातलं. त्या आठवणींना मागे जे वाजत होतं ते शिवलं जातं.

आणखी एक गंमत. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये विशीतल्या विद्यार्थ्यांना आधीच्या पाच-साडेपाच दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. त्यांना स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटलीच. पण आई-वडील तरुण असतानाची, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची गाणीही जवळची वाटली. म्हणजे बाबांनी सहलीला जाताना लावलेल्या ज्या कॅसेटवर तुम्ही नाक मुरडलं होतं, तीही तुमच्या आवडीत येऊन बसलेली असू शकते.

चौथा टप्पा: लाज

इथे विषय थोडा टोचतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये मांडलं, की आवड ही समाजात आपली पायरी दाखवण्याची खूण असते. काय आवडतं यापेक्षा काय 'आवडत नाही' हे सांगण्यातून माणूस आपण कोण आहोत हे जास्त सांगतो.

आपल्याकडे त्यासाठी एक शब्द तयारच असतो: 'गावठी'. मावळातल्या एखाद्या गावातून तळेगावच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या कॉलेजात येणारा मुलगा हा शब्द लवकर ओळखतो. जत्रेतली गाणी, बँजोवरची कोळीगीतं, तमाशातली लावणी आवडते, पण सगळ्यांसमोर लावायची नाही. कुणी विचारलं तर इंग्रजी बँडचं नाव सांगायचं. उलटंही घडतं. इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या गावातल्या मुलीला "शहाणी झालीस का?" ऐकावं लागतं. दोन्हीकडे नुकसान एकच: जे खरंच आवडतं ते लपवायची सवय लागते.

याचं उत्तर याच जिल्ह्यातल्या दोन भावांनी कामातून दिलं आहे. अजय-अतुल गोगावले. घरात गाण्याची परंपरा नाही. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बालपण राजगुरूनगर, जुन्नर, शिरूर, घोडेगाव अशा गावांत गेलं. त्यांच्या संगीतात गोंधळ, जोगवा आणि जत्रेतली वाद्यं आहेत, तसा सिम्फनी ऑर्केस्ट्राही आहे. 'जोगवा'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 'सैराट'साठी त्यांनी थेट लॉस एंजेलिसमध्ये वादकांचा ताफा घेऊन ध्वनिमुद्रण केलं. एक आवडायचं तर दुसरं सोडलंच पाहिजे, असं नसतं.

आणि आता रील्स

आजच्या तेरा वर्षांच्या मुलाच्या कानावर काय पडायचं, हे रेडिओ, आजोबा किंवा जत्रा यांच्याइतकंच अल्गोरिदमही ठरवतो. "लोकांना जे चांगलं वाटतं तेच व्हायरल होतं" असं आपण मानतो. अमेरिकेत मॅथ्यू साल्गानिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे तपासलं. १४ हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली. काहींना इतरांनी किती वेळा डाउनलोड केलं हे दिसत होतं, काहींना नाही. आकडे दिसणाऱ्यांचे वेगवेगळे गट केले होते, आणि प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर गेली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या गाण्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

दुसरी अडचण अशी, की रेडिओ नावडतं गाणंही ऐकवायचा. अल्गोरिदम आपण थांबून ऐकलं तसलंच पुढे देतो. इअरफोनमुळे घरातल्यांची गाणी एकमेकांच्या कानावर पडणंही कमी झालं. मिटायला लागलेले कान आणखी लवकर मिटण्याची ही सोय आहे.

पण याच मोबाइलमुळे लोणावळ्याजवळच्या एखाद्या वाडीतल्या मुलीला कोरियन पॉप, कर्नाटक संगीत आणि 'पारी'वरची ओवी, तिन्ही एका दुपारी ऐकता येतात. तिच्या आजीला हे स्वप्नातही मिळालं नसतं. फक्त त्यासाठी 'पुढचं आपोआप' बंद करून स्वतः शोधावं लागतं.

मग करायचं काय?

घरात लहान मूल असेल तर मुद्दाम वेगवेगळं संगीत कानावर पडू द्या, शिकवण्याच्या हट्टाशिवाय. घरात कुणी तेरा-चौदाचं असेल तर त्याच्या गाण्यांना नावं ठेवू नका. त्याला जे आत्ता आवडतंय ते बहुधा पन्नाशीतही त्याच्यासोबत असणार आहे. आणि प्रवासात एकदा तरी इअरफोन काढून एकच स्पीकर लावा. एक गाणं त्याचं, एक आईचं, एक आजीचं.

तुमचं वय पंचवीस-तीस असेल तर "आता माझी आवड ठरून गेली" असंही समजू नका. झायन्स यांचा नियम मोठ्यांनाही लागू होतो. नवीन प्रकारचं गाणं एकदा ऐकून सोडलं तर ते परकंच राहतं. चार-पाच वेळा, लक्ष देऊन ऐकलं तर ओळख होते. आवड त्यानंतरची गोष्ट.

आणि ती पाच गाण्यांची यादी अजून समोर असेल, तर प्रत्येक गाण्यापुढे आणखी एक गोष्ट लिहा: हे मला कुणी ऐकवलं होतं?