भुयारात टिकायचं तर

नेटहॅकमध्ये तुम्ही कळ दाबेपर्यंत काहीही हलत नाही. समोर राक्षस उभा असो, जीव दोन-तीन पॉइंटांवर आलेला असो, तुम्ही उठून चहा करून आलात तरी तो राक्षस त्याच चौकोनात ताटकळत असतो. तुमची एक चाल, मग त्याची. विचार करायला एवढी सवड फार थोडे कॉम्प्युटर गेम देतात. तरीही नवखे खेळाडू यात पटापट मरतात, आणि त्यांच्या शेजारी बसून पाहिलं तर बहुतेक मरणं राक्षसाच्या ताकदीमुळे नसून बोटांच्या वेगामुळे आलेली दिसतात.

खेळाची वंशावळ थोडक्यात सांगतो. १९८०च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ लिहिला. दर वेळी नव्याने रचलं जाणारं भुयार, चित्रांऐवजी अक्षरं, आणि मेलात की पहिल्यापासून सुरुवात. त्यावरून ‘हॅक’ आला आणि १९८७ साली ‘नेटहॅक’. तो आजही चालू आहे, आणि फुकट आहे. पडद्यावर @ म्हणजे तुम्ही. डी हे अक्षर कुत्र्याच्या जातीचं, एफ मांजराच्या, टिंबं म्हणजे फरशी. जवळपास पन्नास मजले खाली उतरून येंडोरचा ताईत मिळवायचा आणि तो घेऊन पुन्हा वर यायचं, एवढीच गोष्ट. खेळ सेव्ह करता येतो, पण पुन्हा उघडला की सेव्ह केलेली फाइल पुसली जाते. म्हणजे ‘मागच्या सेव्हवर जाऊ’ ही पळवाट नाही. मेलात की थडगं, त्यावर तुमचं नाव आणि कोणी मारलं ते.

पात्रं तेरा. त्यांतल्या टूरिस्टच्या गळ्यात महागडा कॅमेरा आणि अंगात हवाईयन शर्ट असतो. पाहून हसू येतं, पण नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. जादूगारही नको, त्याचा जीव सुरुवातीला फारच कोवळा असतो. व्हाल्किरी घ्यावी. लांब तलवार, खंजीर, चांगली ढाल, थंडीचा त्रास नाही आणि पावलांचा आवाज नाही. सामुराईही चालेल. त्याच्याबरोबर हाची नावाचा कुत्रा मिळतो. टोकियोच्या स्टेशनवर मालकाची वाट पाहणाऱ्या त्या कुत्र्याची ही आठवण. व्हाल्किरी घेताना ड्वॉर्फ वंशाची घेतली तर अंधारात उबदार रक्ताचे जीव दिसतात, आणि नोमच्या खाणींतले बहुतेक रहिवासी तुमच्याशी शांत वागतात. या खाणींचं तोंड दुसऱ्या ते चौथ्या मजल्यावर कुठेतरी असतं. मानवी व्हाल्किरीला तिथे प्रत्येक वळणावर लढावं लागतं, आणि मॅटक ही जड कुदळ हातात घेतलेल्या ड्वॉर्फचा एक फटका वीस पॉइंटांपर्यंत जातो. पहिल्या मजल्यांवर तेवढ्यात खेळ आटोपतो.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती, तिने अशीच ड्वॉर्फ व्हाल्किरी घेतली. तिचा हात मोबाइलवरच्या खेळांना सरावलेला, त्यामुळे @ नुसता धावत होता. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीच्या मध्यभागी निळा ई दिसला.

“मामा, हा काय करतो?”

“काही नाही करत.”

“मग मारू?”

“आधी विचार. अर्धविराम दाब, बाण त्याच्यावर ने.”

तिने नेला. खेळाने नाव सांगितलं: फ्लोटिंग आय. तरंगणारा डोळा. हा प्राणी जवळजवळ हलत नाही आणि आपण होऊन कधी हल्ला करत नाही. पण त्याला हातातल्या शस्त्राने मारलंत आणि त्याची नजर तुमच्यावर पडली, की तुम्ही जागच्या जागी गोठता, कधी कधी तर सव्वाशे टर्नपर्यंत. मग एखादी क्षुल्लक पाल येऊन सावकाश तुमचा फडशा पाडते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मार्ग दोनच: त्याला वळसा घालून जायचं, नाहीतर लांबून फेकून मारायचं. भाचीकडे वाटेत जमवलेले चार खंजीर होते. तिने ओळीत उभं राहून ते एकेक करून फेकले. दोन चुकले, दोन लागले. खंजीर गोळा करून पुन्हा तेच. डोळा मेल्यावर तिने त्याचं शव खाल्लं, आणि तिला टेलिपथीची शक्ती मिळाली: डोळ्यांवर पट्टी बांधली की अख्ख्या मजल्यावरचे मन असलेले जीव दिसतात. जो मारतो तोच खाल्ल्यावर उपयोगी पडतो, हा हिशोब या खेळात जागोजागी आहे.

नवख्याच्या कामाची सर्वांत मोठी कळ म्हणजे तो अर्धविराम. अक्षर ओळखीचं नसेल किंवा रंग वेगळा असेल तर आधी विचारायचं, त्यात टर्न खर्च होत नाही. रंगाला इथे फार किंमत आहे. पिवळा सी म्हणजे कॉकट्रिस, उघड्या हाताने शिवलात की दगड. फिकट कॅपिटल एफ म्हणजे लायकेन ही बुरशी, ती अंगाला चिकटते पण फारसं करत नाही. बाकीच्या रंगांच्या बहुतेक बुरश्या जागेवरून हलत नाहीत, त्यांना तिथेच सोडून द्यावं. म्हणून सेटिंगमध्ये रंग बंद असतील तर पहिलं काम ते चालू करणं.

दुसरं सेटिंग मी आग्रहाने सांगतो, कारण ते नसल्याचा परिणाम त्याच दुपारी डोळ्यांसमोर घडला. नेटहॅकमध्ये चालायला एच, जे, के, एल या कळा आहेत, बाणांच्या कळा नसलेल्या जुन्या टर्मिनलांचा तो वारसा. आणि तिरकं चालायला वाय, यू, बी, एन. वाय म्हणजे डावीकडे वर. भाची खाणीत तिरकी पळत होती, वाय-वाय-वाय. वाटेत एक शांत ड्वॉर्फ आला. खेळाने नियमाप्रमाणे विचारलं, या शांत जिवावर खरंच हल्ला करायचा का? या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची कळही वायच. प्रश्न पडद्यावर उमटला आणि तिच्या बोटाखाली उत्तर आधीच दिलं गेलं होतं. ड्वॉर्फ बिथरला, हातातली कुदळ घेऊन अंगावर आला. त्याहून मोठं नुकसान पडद्यावर दिसत नाही: शांत जिवावर हात टाकणं देवाच्या हिशोबात पाप म्हणून जमा होतं, आणि पाप साठलेल्याची प्रार्थना उलटते. यावर इलाज आहे. ‘पॅरानॉइड कन्फर्मेशन’ या पर्यायात हल्ल्याची नोंद केली की एका कळीवर भागत नाही, पूर्ण ‘येस’ टाइप करावं लागतं.

प्रार्थना हा नवख्याचा सगळ्यांत मोठा आधार. पण उठसूट देव पाण्यात घालून चालत नाही. हिट पॉइंट कमाल आकड्याच्या एक सप्तमांशाखाली गेले किंवा सहापेक्षा कमी उरले, तर देव ते मोठं संकट मानतो. नुसती भूक लागणं मोठं संकट नाही. भुकेने ‘वीक’ झालात तर आहे. खेळ सुरू झाल्यावर पहिले ३०० टर्न देवाला हाक मारू नये आणि एकदा मारली की पुढची सुमारे १००० टर्नांनी, हा सुरक्षित हिशोब. टर्नचा आकडा खालच्या पट्टीत दाखवायची सोय आहे, ती चालू ठेवावी. आणि शेवटची प्रार्थना कितव्या टर्नला केली ते कागदावर लिहावं. मी वहीच ठेवतो.

आता सोल्जर अँट. निळा ए. नेटहॅक खेळणाऱ्याला ड्रॅगनपेक्षा या मुंगीची धास्ती जास्त, आणि त्यामागे साधं गणित आहे. तुमचा वेग १२, तिचा १८. तुमच्या दोन चालींत तिच्या तीन. म्हणजे पळून सुटका नाही, पळताना फक्त पाठीवर मार खाल. तिच्या एका चालीत दोन हल्ले: चावा जास्तीत जास्त आठचा, नांगी बाराची. वीस पॉइंट. कधी तुमच्या एका टर्नमध्ये तिच्या दोन चाली येतात, मग चाळीस. इतकं सगळं एकदम लागणं विरळा, पण ‘अजून पंचवीस आहेत, एक घाव घालून बघू’ असं म्हणणाऱ्यांची थडगी भुयारभर आहेत.

मुंगी दिसली की मी किबोर्डवरून हात उचलतो. मग जवळच्या सामानाची यादी उघडतो आणि वरपासून खालपर्यंत वाचतो. बोळ जवळ आहे का? बोळात एकावेळी एकच समोर येते, आणि मुंग्या बरेचदा एकट्या येत नाहीत. जिना पायाखाली आहे का? जिन्याने गेलात तर अगदी शेजारच्या चौकोनातलेच शत्रू मागे येतात, बाकीचे तिथेच राहतात. हे दोन्ही नसेल तर जमिनीवर बोटाने एल्बेरेथ लिहायचं. टॉल्किनच्या कथांतल्या ताऱ्यांच्या राणीचं हे नाव, आणि नेटहॅकचे बहुतेक राक्षस त्याला बिचकून जवळ येऊन मारत नाहीत. स्पेलिंग नेमकं हवं: ई, एल, बी, ई, आर, ई, टी, एच. धुळीत लिहिताना एखादं अक्षर बिघडू शकतं, म्हणून लिहिल्यावर वाचून पाहावं. त्यावर उभं राहून तलवार चालवलीत तर हल्लीच्या आवृत्त्यांत ते पुसलं जातं, आणि राक्षस बिचकतानाही कधी कधी पुसलं जातं. म्हणजे तिथे उभं राहून पुढचं ठरवायचं, मुक्काम करायचा नाही. माणसं आणि मिनोटॉर यांना त्या नावाचं काहीच वाटत नाही. हेही नाही जमलं, तर प्रार्थना.

किती खोल जायचं याचंही गणित आहे. अवचित उगवणाऱ्या राक्षसांची कमाल ताकद तुमचा मजला आणि तुमची अनुभव-पातळी यांच्या सरासरीवर ठरते. पहिल्याच पातळीचा जीव घेऊन दहाव्या मजल्यावर उतरलात तर सरासरी तुमच्या कुवतीच्या कितीतरी वर जाते. म्हणून आधी खाणीतल्या गावापर्यंत जावं. तिथे देऊळ असतं, आणि वेदीवर वस्तू ठेवली की काळी झळक आली तर शापित, पिवळट आली तर आशीर्वादित. वेदी नसेल तर आपला कुत्रा पाहावा: शापित वस्तूवर तो पाय ठेवत नाही, ठेवलाच तर नाइलाजाने, आणि खेळ तसं सांगतो. वाटेत लोखंडी टोप आणि लोखंडी बूट मिळाले तर लगेच चढवावेत. चिलखताचा आकडा इथे जितका कमी तितका चांगला. व्हाल्किरीचा सहापासून सुरू होतो, टोप-बुटांनी दोनवर येतो. त्यानंतर सहाव्या ते नवव्या मजल्यावरून वर जाणाऱ्या जादा जिन्याने सोकोबानमध्ये जावं, धोंडे ढकलायची कोडी सोडवत. शेवटी बक्षीस मिळतं ते पुढे फार उपयोगी.

खाण्याचं एकच लक्षात ठेवा: ताजं मारलेलंच खायचं. पन्नास टर्नांहून जुनं शव विषारी ठरू शकतं. लायकेन आणि सरडा तेवढे कधी नासत नाहीत, ते बरोबर बाळगावेत. कुत्रं-मांजर खाऊ नये. वटवाघूळही नको, डोकं गरगरतं. कारंज्याचं पाणी पिणं ही नसती उठाठेव. दुकानात कुदळ घेऊन जाऊ देत नाहीत, आणि दुकानदाराशी भांडण नवख्याला कधीच परवडत नाही.

२०२१ साली यंत्रांची नेटहॅक स्पर्धा झाली, नुरिप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदेत. लाखो डाव खेळून स्वतः शिकणाऱ्या बॉटना मागे टाकून पहिला आला तो माणसांनी हाताने नियम लिहून दिलेला बॉट: जीव कमी झाला तर प्रार्थना कर, अमुक दिसलं तर लांबून मार, अशा धाटणीचे नियम. ताईत घेऊन वर मात्र त्यांतला एकही पोहोचला नाही.

तेव्हा ड्वॉर्फ व्हाल्किरी घ्या, रंग आणि टर्नचा आकडा चालू करा, हल्ल्याची खात्री विचारायला लावा आणि निळं काही दिसलं की हात उचला. एवढं करूनही मराल. तेव्हा थडगं दाखवण्याआधी खेळ विचारेल, तुमच्याजवळच्या वस्तूंची ओळख करून देऊ का? चिडून ‘नाही’ म्हणू नका. ‘हो’ म्हणा आणि यादी शेवटपर्यंत वाचा. ज्या वस्तूने जीव वाचला असता ती बरेचदा त्याच यादीत असते.