उसाचा रस, काविळीची माळ आणि अडलेलं पित्त

केडगाव-चौफुल्याकडं उसाची आणि गुऱ्हाळांची कमी नाही. त्यामुळे कोणाचे डोळे पिवळे दिसले की पहिला सल्ला ठरलेला : "रस पाजा, कावीळ उतरंल." दुसरा सल्ला माळेचा. गळ्यातली माळ लांबत जाईल तशी कावीळ ओसरते म्हणे. माळ लांबते हे खरंच आहे. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, दोरा सुटतो. खुंटीला टांगली तरी ती लांबेल. दूषित पाण्यातून होणारी 'ए' प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं.

सगळीच कावीळ मात्र अशी नसते. यकृतातून आतड्यात पित्त उतरायची वाट अडली तरी डोळे पिवळे होतात. तेव्हा लघवी गडद, संडास फिकट आणि अंगाला, विशेषतः तळहात-तळपायांना खाज. 'प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस' या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर उलटते. रुग्ण बहुतेक मध्यमवयीन बायका. डोळे पिवळे होण्याआधी कित्येक वर्षं नुसती खाज आणि थकवा असू शकतो, आणि ती वर्षं मलमं चोळण्यात जातात.

या आजारावर अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल या पित्ताम्लाचीच गोळी देतात. मग प्रश्न येतो : "पित्ताच्या आम्लानं यकृत बिघडतंय, मग गोळीही आम्लाचीच कशी?" शंका रास्त आहे. पित्ताम्लं साबणासारखी, तेल-तूप फोडणारी. वाट अडली की ती यकृताच्या पेशींतच साचतात. त्यातली जहाल आम्लं तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, बिघडवतात. तिथून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सुटतात आणि त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन संपत जातं. ऑक्सिडेटिव्ह ताण तो हाच. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल त्या मानानं सौम्य. माणसाच्या पित्तात ते एरवी 3-4 टक्के असतं. गोळ्या चालू असताना 40 टक्क्यांच्या घरात जातं आणि जहाल आम्लांचा वाटा घटतो. शिवाय पित्ताचा प्रवाह सुधारतो, आणि ते ग्लुटाथायोनचा साठा सावरतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. हे आम्ल अस्वलाच्या पित्तात भरपूर असतं, नावही त्यावरूनच पडलं. पण आजची गोळी अस्वलाची नव्हे, ती मुख्यतः गाई-बैलांच्या पित्तातल्या आम्लावर रासायनिक प्रक्रिया करून बनते.

चांगलं औषध आहे तर डोस वाढवावा, हाही एक समज. वरच्या आजारात मात्रा दर किलो वजनाला रोज 13 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला साधारण 800-900. पित्तनलिका आकसवणाऱ्या दुसऱ्या एका आजारात 28-30 मिलिग्रॅम देऊन पाहिलं होतं. 2009 साली निकाल आला : रक्ताचे रिपोर्ट सुधारले, पण गंभीर गुंतागुंती औषध घेणाऱ्यांतच जास्त झाल्या. नुसत्या रिपोर्टवर खूश होऊ नये ते यासाठी.

राहिले अँटिऑक्सिडंटचे डबे. कोलँजायटिसच्या थकव्यावर ते ब्रिटनमध्ये पडताळून पाहिले गेले. 2003 च्या त्या चाचणीत फायदा दिसला नाही. पित्त आतड्यात पोचत नसल्यानं अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडू शकतात, आणि 'के' कमी पडलं तर रक्त लवकर गोठत नाही. ती द्यावी लागतात, पण तपासून.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज तान्ह्या बाळाचा : "कोवळ्या उन्हात धरा, जाईल." दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळं असेल, शी पांढुरकी होत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवून 'डायरेक्ट बिलिरुबिन' तपासून घ्यावं. पित्तनलिकाच बंद असतील तर कसाई नावाची शस्त्रक्रिया करतात, आणि बाळ 60 दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर यशाची शक्यता जास्त असते.