कागदावरून बोटांत

पुण्यात १९८२-८३च्या सुमारास ज्या घरांत शाळकरी मुलं होती, त्यांतल्या बऱ्याच घरांच्या शोकेसमध्ये रंगीत चौकटींचा एक ठोकळा पडून असायचा आणि त्याच्या स्टिकरांचे कोपरे उचकटलेले असायचे. क्यूब ‘सुटला’ की तो बहुधा असाच सुटायचा. दुसरा मार्ग जरा अधिक कष्टाचा: वरचा थर अर्धवट फिरवायचा, चमच्याच्या दांड्याने एक तुकडा उचकवायचा, बाकीचे आपोआप निघतात, मग सगळे पुन्हा रंग जुळवून बसवायचे. तिसरा मार्ग म्हणजे चाली शिकून सोडवणं. पण तो ज्याच्याकडे कागद असेल त्याचा.

हा कागद म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी परदेशातून आलेल्या काकांनी आणलेल्या पुस्तकाच्या झेरॉक्सची झेरॉक्स. १९८१मध्ये जेम्स नॉर्स या रसायनशास्त्रज्ञाचं क्यूब सोडवण्यावरचं छोटं पुस्तक अमेरिकेत लाखांनी खपलं आणि त्याच वर्षी पॅट्रिक बॉसर्ट या तेरा वर्षांच्या इंग्रज मुलाच्या पुस्तकानेही तोच धुमाकूळ घातला. चाली लिहायची जी लिपी पुढे सगळ्यांनी उचलली, ती लंडनचे गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांची. प्रत्येक बाजूला एक इंग्रजी अक्षर, उलट फिरवायचं तर त्यापुढे वरच्या अंगाला एक छोटी रेघ, म्हणजे ‘प्राइम’. कागद हातोहात फिरताना या रेघा झेरॉक्समध्ये उडायच्या आणि मग चालीचा पार विचका व्हायचा. म्हणून काही शहाण्यांनी वहीत ‘उजवी वर, वरची डावीकडे’ असं मराठीत उतरवून ठेवलं. ते वाचत सोडवायला पाचदहा मिनिटं लागत, पण घाई कुणाला होती? सुटणं हेच अप्रूप होतं.

एर्नो रुबिक यांनी हा ठोकळा १९७४मध्ये बुडापेस्टला बनवला तेव्हा त्यांचा स्वतःचाच महिना-सव्वा महिना तो सोडवण्यात गेला. हंगेरीत तो १९७७मध्ये दुकानांत आला, १९८०पासून जगभर. जून १९८२मध्ये बुडापेस्टलाच पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेच्या मिन थाई या मुलाने २२.९५ सेकंदांत क्यूब सोडवून ती जिंकली. आज पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या शाळेत या वेळेच्या आत सोडवणारं एखादं तरी मूल सापडेल. त्या वेळी मात्र हा आकडा वर्तमानपत्रात वाचून लोक हसले असतील. मग दोन-तीन वर्षांत लाट ओसरली आणि क्यूब शोकेसमधून माळ्यावर गेला.

तो परत खाली आला तो इंटरनेटमुळे. १९८२च्या त्या पिढीत चेकोस्लोव्हाकियाची येसिका फ्रिड्रिख नावाची एक मुलगी होती. पुढे ती अमेरिकेत प्राध्यापक झाली (डिजिटल छायाचित्र कुठल्या कॅमेऱ्याने काढलं हे शोधण्याच्या शास्त्रात तिचं नाव मोठं आहे, पण क्यूबवाल्यांना त्याचं काय!) आणि १९९७मध्ये तिने आपली सगळी पद्धत इंटरनेटवर मांडली. पद्धत सर्वस्वी तिची नव्हती, तिच्यात डच मंडळींचाही वाटा होता. पण चालींची यादी तिच्यामुळे पोचली. पुण्यात तो काळ इंजिनीअरिंग कॉलेजांच्या कम्प्युटर लॅबचा आणि तासाला पैसे मोजायच्या सायबर कॅफेंचा. पान उघडायला एवढा वेळ लागे की चित्रं उमटेपर्यंत शेजारच्याची मेल वाचून व्हायची. प्रिंट काढून बाहेर पडायचं आणि मग ते कागद हॉस्टेलभर फिरायचे. म्हणजे पुन्हा कागदच, फक्त या वेळी रेघा शाबूत होत्या.

या पद्धतीत आधी खालच्या थरावर क्रॉस बसवायचा. क्यूब कसाही विस्कटलेला असो, तो आठ चालींच्या आत बसतोच. मग कोपरा आणि कड यांच्या चार जोड्या जुळवून खालचे दोन थर एकदम पुरे करायचे. इथवर पाठांतराची गरज नाही, डोळे आणि थोडी अक्कल पुरते. खरा घाट शेवटच्या थराचा. त्याची आधी वरची बाजू एका रंगाची करायची, त्यासाठी ५७ अल्गोरिदम, म्हणजे ठरलेल्या चालींच्या मालिका. मग तुकडे आपापल्या जागी न्यायचे, त्यासाठी २१. एकूण ७८. मुलांच्या तोंडी अल्गोरिदमचा ‘अल्गो’ झाला आणि ‘तुझे किती अल्गो झाले?’ हा प्रश्न ‘कितवीत आहेस?’च्या जोडीला जाऊन बसला.

पहिल्याच दिवशी ७८च्या मागे लागणारा आठवड्यात क्यूब ठेवून देतो. म्हणून शेवटचा थर दोनऐवजी चार पायऱ्यांत तोडायचा, मग सोळा अल्गोंत काम भागतं. सुरुवात बहुतेकांची ‘आर, यू, आर प्राइम, यू प्राइम’ या चार चालींनी होते. उजवी वर, वरची डावीकडे, उजवी खाली, वरची परत. हे सहा वेळा केलं की क्यूब होता तसा होतो. ज्याला हे पहिल्यांदा आपल्या हातून झालेलं दिसतं, तो बहुधा फसलाच. मग टी-पर्म, म्हणजे तुकडे जागी नेणाऱ्या त्या एकवीसांपैकी एक (प्रत्येकाला एका इंग्रजी अक्षराचं नाव), चौदा चालींचा. तो सुरुवातीला कागदावर बघून, मग तोंडाने पुटपुटत, मग तोंड बंद करून. तबल्याचा कायदा आधी ठाय लयीत घोटून मगच दुगुणीत न्यावा, तसंच इथेही. ज्याने पहिल्याच आठवड्यात वेग धरला त्याच्या हातात कायमची एक अडखळ बसते आणि ती काढणं नवा अल्गो शिकण्यापेक्षा अवघड जातं.

हातात बसलेल्या अल्गोची एक गंमत असते. तो मध्ये तुटला की तुटला. नवव्या चालीला कुणी हाक मारली तर दहावी कोणती हे सांगता येत नाही, क्यूब तसाच टाकून पहिल्यापासून सुरुवात. आणि जो अल्गो रोज हाताखालून जात नाही तो विसरतो. टी-पर्म सरासरीने अठरा सॉल्व्हमागे एकदा येतो, त्यामुळे तो झोपेतही जमतो. एन-पर्म दोन प्रकारचे, आणि त्यांतला प्रत्येक बहात्तरमध्ये एकदा. वर तो लांबलचक. म्हणून ‘एकवीसच्या एकवीस येतात’ असं छातीठोक सांगणाऱ्याला मी आधी एन-पर्म करून दाखवायला सांगते.

पण या चाळीसेक वर्षांत सगळ्यात जास्त काय बदललं असेल, तर चांगला अल्गो कशाला म्हणायचं हे. सुरुवातीच्या याद्या गणिताच्या वळणाच्या: चाली जितक्या कमी तितका अल्गो सरस. १९९२मध्ये जर्मनीच्या हर्बर्ट कोसिएंबा यांनी कम्प्युटरकडून छोटी उत्तरं काढून घेण्याची रीत बसवली, तेव्हा तर हे आणखीच सोपं झालं. शेवटी जुलै २०१०मध्ये कोसिएंबा आणि त्यांच्या तीन साथीदारांनी सिद्ध केलं की ४३च्या पुढे अठरा शून्यं लिहावीत इतक्या मांडण्यांपैकी कुठलीही वीस चालींच्या आत सुटते. गुगलने त्यासाठी ३५ वर्षांचा कम्प्युटर-वेळ दिला होता. एवढं होऊनही क्यूबच्या स्पर्धकांनी ते वीसचं उत्तर हातात घेतलं नाही, घेता येणारच नव्हतं. त्यांचा क्यूब अजूनही पंचावन्न-साठ चालींतच सुटतो.

कारण हात. मागची बाजू फिरवायला पकड सोडावी लागते, आणि पकड सोडली की दोन चालींचा वेळ गेला. उजवी आणि वरची या दोन बाजू मात्र मनगट आणि तर्जनी यांच्या ओघात फिरतात. त्यामुळे नऊ चालींचा अडनिडा अल्गो टाकून तेरा चालींचा ओघवता घ्यायचा, हे हळूहळू सगळ्यांनी मान्य केलं. जी-पर्मचे चार प्रकार हे त्याचं चांगलं उदाहरण. जुन्या यादीत त्यांच्या मध्येच अख्खा क्यूब हातात फिरवून घ्यावा लागे. आता तिथे खालचा थर अनामिकेने ढकलतात. असे बदल करणारे कुणी गणितज्ञ नव्हते. हजारो पोरांनी आपापल्या खोलीत बसून ते केले.

त्यांना साथ मिळाली ती चिनी क्यूबची. जुना क्यूब हातात खडखडायचा. त्यात व्हॅसलीन घालायचं, ते काही दिवस मस्त चालायचं आणि मग आतलं प्लास्टिक खराब करायचं. २०१०-११मध्ये दायान कंपनीचे क्यूब आले. त्यांत एक थर पुरता बसला नसला तरी दुसरा फिरायचा. पुढे २०१६-१७पासून आत लोहचुंबक आले, थर आपसूक जागेवर बसू लागले. बोटांनी काय करायचं याच्या साऱ्या कल्पना या दोन गोष्टींनी पालटल्या. जुन्या ठोकळ्यावर आजचा जी-पर्म करून बघावा, अनामिका दुखेल.

२००४मध्ये वर्ल्ड क्यूब असोसिएशन स्थापन झाली आणि स्पर्धांना एकसारखे नियम आले. पंधरा सेकंद क्यूब न्याहाळायचा, पाच सॉल्व्ह, सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सोडून मधल्या तिन्हींची सरासरी. भारतातही स्पर्धा सुरू झाल्या, आणि पुण्यातल्या स्पर्धांना मी प्रेक्षक म्हणून जात आले आहे. हॉलमध्ये एवढी पोरं असूनही आवाज प्लास्टिकचा. कडेला डबे घेऊन बसलेले आईबाप. टायमरवर तळवे टेकलेले, आणि सॉल्व्ह बिघडला की ‘अरे यार!’ पुढच्याच क्षणी तोच मुलगा दुसऱ्या स्पर्धकाचा पंच म्हणून बसतो. हे मला नेहमी आवडत आलं आहे.

महाराष्ट्राचं नाव विक्रमांच्या यादीत एका चमत्कारिक प्रकारात लागलं. पायांनी क्यूब सोडवायचा. डिसेंबर २०१९मध्ये मुंबईत व्हीजेटीआयमधल्या स्पर्धेत मोहम्मद ऐमन कोळीने पायांनी १५.५६ सेकंदांत क्यूब सोडवला, आणि पुढच्याच महिन्यापासून हा प्रकार अधिकृत स्पर्धांतून काढून टाकण्यात आला. त्यामुळे तो विक्रम आता कुणी मोडू शकत नाही.

मार्च २०२०मध्ये जगभरच्या स्पर्धा थांबल्या. मुलं घरात, हातात क्यूब, समोर यूट्यूब. त्या दीड-दोन वर्षांत जेवढे नवे हात तयार झाले तेवढे आधीच्या दहा वर्षांत झाले नसतील असा माझा अंदाज आहे. लॉकडाऊननंतर कोथरूडपासून पिंपळे सौदागरपर्यंत अबॅकस आणि वेदिक गणिताच्या पाट्यांवर ‘क्यूब’ हा शब्द वाढलेला दिसू लागला. या क्लासांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. आठ-दहा धड्यांत चाली घोकून घ्यायच्या, प्रमाणपत्र द्यायचं, आणि पोराला ही चाल नेमके कोणते तुकडे हलवते आणि कोणते जागच्या जागी ठेवते हे विचारलं तर गप्प. स्वतः कट्ट्यावर शिकलेल्या मुलांना निदान ते माहीत असतं, कारण त्यांना चुका निस्तराव्या लागलेल्या असतात.

हे कळणं किती कामाचं, ते डोळ्यांवर पट्टी बांधून सोडवताना दिसतं. नवशिक्या पोखमान नावाच्या पद्धतीत तोच ओळखीचा टी-पर्म वापरून एकेक कड घरी पाठवतो, वाय-पर्म वापरून एकेक कोपरा. दर वेळी दोन कडा आणि दोन कोपरे बदलतात, पण नको असलेली जोडी दर दुसऱ्या वेळी परत जागेवर येते. वरच्या पायरीला गेलेले एका वेळी तीन तुकडे फिरवतात आणि त्यासाठी आठशेच्या वर मांडण्या तयार ठेवतात. त्या कुणी घोकत नाही. जाणं, हलवणं, उलटं येणं हा नियम कळला की हव्या तिथे बनवता येतात.

उघड्या डोळ्यांच्या स्पर्धेत मात्र पाठांतराची हाव थांबलेली नाही. ७८ अल्गो हा आता पाया. काही पोरं वरच्या कडा आधीच सरळ असल्या की शेवटचा थर एकाच दमात उडवायला पाचशेच्या घरातले अल्गो पाठ करतात. आणि विक्रमही खाली येत राहिले: २०१८मध्ये चीनच्या यूशंग दूने ३.४७ सेकंद नोंदवले, जून २०२३मध्ये अमेरिकेच्या मॅक्स पार्कने ३.१३, आणि एप्रिल २०२५मध्ये चीनच्याच श्वेनयी गंगने ३.०५. तो तेव्हा सात वर्षांचा होता.

गेल्या काही वर्षांत ब्लूटूथचे क्यूब आले आहेत. प्रत्येक चाल मोबाइलवर उमटते आणि कुठल्या पायरीला किती वेळ गेला ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत समोर येतं. वीस सेकंदांच्या आसपास अडकलेल्या मुलांचे असे आलेख मी पाहते, तेव्हा अल्गो करायला लागलेला वेळ त्यात बहुधा थोडाच असतो. उरलेला सगळा दोन अल्गोंच्या मध्ये गेलेला असतो, पुढची जोडी कुठे आहे हे शोधण्यात. उपाय सगळ्यांना माहीत आहे: हात मंद ठेवायचा आणि हातातली जोडी बसत असतानाच डोळ्यांनी पुढची शोधायची. तसं केलं की पहिले पंधरा दिवस वेळ वाढते. मुलांना ते अजिबात पटत नाही, आणि ती आणखी चार नवे अल्गो पाठ करून येतात.