तिवराच्या पानांवरच्या गाठी

मीरा-भाईंदरच्या खाडीकाठी तिवराच्या पानांवर फोडांसारख्या गाठी दिसल्या की झाडाला रोग जडला असे वाटते. पण गाठ हा झाडानेच वाढवलेला भाग असतो. तो वाढवायला लावणाऱ्यांपैकी एक म्हणजे सेसिडोमायिडी कुळातली, डासाहून लहान माशी. अंड्यातून निघालेली अळी पानात शिरते, तिच्या स्रावांमुळे आसपासच्या पेशी वेगळ्या रीतीने वाढू लागतात आणि अळीला अन्न व आसरा एकाच ठिकाणी मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या तिवरांवरील अशा माश्यांसाठी 1998 मध्ये ‘अ‍ॅक्टिलॅसिओप्टेरा’ ही नवी प्रजातीच मांडावी लागली. इतका हा गट दुर्लक्षित होता.

यावर कोणी म्हणेल, याच कुळातली गादमाशी भातपीक बुडवते, मग तिवरावर फवारणी का नको? फरक अळीच्या जागेत आहे. गादमाशीची अळी भाताचा वाढता कोंबच पोखरते. त्याचा चंदेरी पोंगा होतो आणि त्या फुटव्याला लोंबी येत नाही. पानावरची गाठ मात्र सहसा त्या पानापुरतीच राहते. शिवाय या माश्या बहुधा ठरावीक वनस्पतीवरच जगतात, त्यामुळे तिवरावरची माशी भातात उतरेल ही भीती फोल आहे. गाठी फार झाल्या तर पानांचे अन्न बनवणे घटते, हे खरे. पण कीटकनाशक गाठीतल्या अळीपर्यंत सहज पोहोचत नाही. तिला मारणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या मात्र त्याने मरतात आणि उरलेले विष भरतीच्या पाण्यातून मासे-चिंबोऱ्यांपर्यंत जाते. म्हणून गाठींवर फवारणी करू नये. तिवराला खरा धोका भरावाचा आणि तोडीचा आहे.